अण्णांनी जाहीर केलेली किडनी

ज्यांच्या हातावर फिश्चुला आहे आणि ज्यांच्या घरात माझ्या वडिलांसारखं माणूस आहे, अशांसाठी हे लिहितोय. फिश्चुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातातल्या दोन नसा जोडून केलेली जागा. किडनी गेली की डॉक्टर एक कागद देतात, त्यावर काय खायचं, काय नाही, पाणी किती, सगळं छापलेलं असतं. वडिलांसाठी असा कागद मला कोणी दिला नाही. तो मलाच जमवावा लागला, आणि फार उशिरा जमला.

मी गजानन. वय अडतीस. जवळा बाजारला मोटारी भरायचं दुकान आहे, म्हणजे शेतातली पाण्याची मोटार जळाली की तिची तार नव्यानं गुंडाळून देतो. गाव तिथून जवळच. घरात आई, म्हणजे आमची माय, बायको रेखा आणि अण्णा. थोरली बहीण सुनीताताई कनेरगाव नाक्याजवळच्या एका गावात दिलेली.

अण्णांना अख्खा गाव अण्णाच म्हणतो. ते एकदा सोसायटीचे चेअरमन होते. पंचक्रोशीतल्या कुठल्याही लग्नात आशीर्वाद द्यायला ते माईकपाशी जाणार म्हणजे जाणारच. त्यांनी आम्हाला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त त्यांच्या घरात दोनच प्रकारची माणसं राहू शकत होती, त्यांचं कौतुक करणारी आणि उपकार विसरलेली. मी दहावीला शाळेत पहिला आलो तेव्हा हार त्यांच्या गळ्यात पडला आणि भाषण त्यांनी केलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पहिला दिवस

पाय सुजायला लागले तेव्हा वाटलं, दिवसभर बसून काम करतो म्हणून असेल. मग सकाळी उठल्यावर डोळे उघडेनात इतकं तोंड सुजायला लागलं. हिंगोलीला रक्त तपासलं. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी विचारलं, घरचं कोणी सोबत आहे का? बाहेर अण्णा होते, त्यांना आत बोलावलं. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात, डायलिसिस सुरू करावं लागेल आणि पुढे किडनी बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

मी अजून "बंद" या शब्दापाशीच अडकलो होतो. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आमच्या घराण्यात असं कोनाला झालेलं न्हाई, साहेब. आता लोकायला काय सांगू मी?" आणि त्यांना घेरी आली.

सिस्टर धावल्या. त्यांना खाटेवर निजवलं, बीपी पाहिला. बीपी बराबर होता. मी सुजलेल्या पायांनी जिना उतरून पाण्याची बाटली आणली आणि त्यांच्या तोंडाला लावली. परत येताना जीपमध्ये ओळखीचे दोघं भेटले. "काय अण्णा, दवाखान्यात काहून?" "चक्कर आली रे. पोराचं ऐकून पायच गळाले." औंढ्यापर्यंत बोलणं त्यांच्या चकरेवरच चाललं. मी बाहेर सोयाबीन पाहत बसलो. खरं सांगतो, माझ्याकडे कोणी पाहत नाही याचं मला बरंच वाटलं.

मंगळवार आणि शुक्रवार

आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. सकाळची एसटी, दवाखान्यात आधी वजन, मग खाट. दोन वेळांमध्ये किती पाणी अंगात साठलं ते वजनकाटा सांगतो आणि त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा, वरण, औषधाचा घोट. तहान अशी लागायची की दुकानात कोणी बाटली तोंडाला लावली तरी मी मान फिरवायचो. रेखा बर्फाचा छोटा खडा द्यायची आणि वर दटावायची, "चोखा, चावू नका."

फिश्चुलावर बोटं ठेवली की आत थरथर लागते. ती थांबली तर नस बंद पडली असं समजायचं. मोटार चालू आहे का हे मी वरून हात ठेवूनच ओळखतो, तसा तो हात दिवसातून वीसदा तपासायचो. जेवताना, गिऱ्हाईकाशी बोलताना, देवापुढे हात जोडतानासुद्धा. भीती कुठे ठेवावी हे कळत नव्हतं, म्हणून ती मनगटावर ठेवली होती म्हणा.

शेजारच्या खाटेवर सेनगावकडचे वानखेडे मामा असायचे, निवृत्त पोस्टमन. त्यांना किडनी बदलणं वयामुळे शक्य नव्हतं, पण बाकीच्यांची चौकशी ते मन लावून करत. अण्णा एकदा मला पाहायला आले, माझ्या नळ्यांसकट दोघांचा फोटो काढला आणि तिथेच स्टेटसला टाकला. "बापाचं काळीज" असं वर लिहिलं. मामा सगळं पाहत होते. अण्णा गेल्यावर म्हणाले, "तुह्या हाताला सुई टोचली अन् दुखलं त्यायलाच वाटते."

मी हसलो. मग घाबरलो, की हसलेलं अण्णांना कळलं तर.

माईकवर

रेखाचा रक्तगट जुळत नव्हता. मायला साखर. ताईनं पहिल्याच आठवड्यात फोनवर विचारलं होतं, "माही तपासायची का?" मी काही बोलायच्या आत अण्णांनी ठरवून टाकलं.

गावात सप्ताह होता. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, पंगती बसायच्या होत्या, आणि अण्णा माईकपाशी गेले. मी मंडपात मागे, खांबाला टेकून बसलो होतो. अण्णा म्हणाले, "या लेकराला मी जन्म दिला. आता माही किडनी देऊन दुसऱ्यांदा जन्म देनार हाय." मंडपात टाळ्या पडल्या. बायका डोळे पुसत होत्या. मीही रडलो. ते खोटं नव्हतं, मला त्या क्षणी वाटलं की इतकी वर्षं मीच त्यांना ओळखलं नाही.

तिथल्या तिथे शाल आली, नारळ आला. चार दिवसांनी फाट्यावर फ्लेक्स लागला. मधोमध अण्णा हात जोडून, आणि खाली कोपऱ्यात माझा आधार कार्डवरचा फोटो. आमच्याकडे ही रीतच आहे, कोणी काही करणार असं म्हणाला की सत्कार आधी होऊन जातो. त्यात कोणाचं वाईट चिंतलेलं नसतं. पण रक्ताची साधी एक तपासणी झालेली नसताना गावाच्या लेखी किडनी देऊन झाली होती.

मी ताईला सांगितलं, "तू आता मधात पडू नको. अण्णांचा अपमान होईल."

वानखेडे मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "लई चांगलं. तारीख घेतली का?"

पाच मिनिटं

तपासणीची पहिली तारीख चुकली, कारण वसमतकडे एका लग्नात अण्णांना आशीर्वाद द्यायचे होते. दुसऱ्या वेळी त्यांचा गुडघा धरला. तिसऱ्या तारखेला आम्ही खरंच संभाजीनगरला निघालो. जीपमध्ये अण्णांसोबत सहा माणसं होती, दान देताना पाहायला म्हणून. रस्ताभर ढाब्यावर उतरलं की अण्णा ओळख करून देत, "किडनी द्यायला चाललो."

मोठ्या दवाखान्यात एक बाई होत्या, समुपदेशक. त्या म्हणाल्या, किडनी देणाऱ्याशी एकट्याशी बोलावं लागतं. कोणाचा दबाव नाही ना, स्वतःच्या मनानं देताय ना, एवढंच विचारायचं. बाकी सगळ्यांनी बाहेर थांबावं.

अण्णा आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. तोंड लाल झालेलं. "उलटे सवाल करून राहिली ती बाई. मी काय चोर हाय?" सहा माणसं घेऊन ते जीपमध्ये बसले. आत कोणी टाळ्या वाजवायला नव्हतं, इतकंच कारण होतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटलं, बाईच काहीतरी चुकीचं बोलल्या असणार.

मी एकटाच मागे राहिलो, कागद परत घ्यायला. बाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "गजानन, एक विचारू? किडनी मिळाली नाही तर जास्त भीती वाटते, की वडील रागावले तर?"

मला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की त्यांनी पाणी पुढे केलं आणि मग आठवून परत मागे घेतलं. त्या म्हणाल्या, काही माणसांना समोरच्यात स्वतःचाच चेहरा पाहायची सवय असते, आत्ममग्न म्हणतात त्याला. ती बदलतील याची वाट पाहत बसू नका, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

घरी आल्यावर अण्णांनी त्या विषयाचं नावच टाकलं. फ्लेक्स मात्र तसाच.

आमरस

कागदावर ठळक लिहिलं होतं, आंबा, नारळपाणी, केळी बंद. त्यातल्या पोटॅशियमनं हृदय थांबू शकतं.

उन्हाळ्यात अण्णांनी पाहुणे बोलावले. पंगतीत त्यांनी स्वतः माझ्या वाटीत रस ओतला. मी म्हणालो, "मला चालत न्हाई, अण्णा." पाहुणे पाहत होते. अण्णा हसून म्हणाले, "बापाच्या हातचा रस हाय. बापाच्या हातानं कोनी मरत न्हाई." सगळे हसले. दारात रेखा उभी होती, ती मानेनं नाही-नाही म्हणत होती. मी तिच्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि वाटी उचलून प्यालो. त्यांनी पुन्हा वाढला. पुन्हा प्यालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात स्टुलावरून उठायला गेलो तर पाय उठेनात. मांड्यांत जीव नाही. छातीत एक ठोका पडायचा आणि दुसऱ्याची वाट पाहावी लागायची. शेजारच्या कृषी केंद्रवाल्यानं मला त्याच्या गाडीत घातलं. हिंगोलीपर्यंत मी मनगटावर बोटं दाबून बसलो होतो. मशीन लागल्यावर तासाभरात पाय हलले.

अण्णा आले ते डॉक्टरांवर ओरडत. रसाचं कोणी बोललं नाही. मीही नाही. पण त्या खाटेवर पडून मला एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसली. माझा आजार मला आज मारत नव्हता. अडतीस वर्षांचा मी चार पाहुण्यांसमोर वाटी खाली ठेवू शकलो नाही, म्हणून मी मरणार होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ताई

दोन दिवसांनी ताई आली. पिशवीत कपडे होते, म्हणजे राहायच्या तयारीनं.

"रक्त तपासून आले मी," ती म्हणाली. "जुळतंय."

"अण्णांना विचारलं?"

"तू अजून त्यायलाच विचारून राहिलास, बाबू?"

तिच्या सासूची कुरकुर होती, मेहुण्यांनाही रात्री झोप नव्हती म्हणे. पण त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. ताई समुपदेशक बाईंकडे एकटी बसली, अर्धा तास. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय विचारलं? "काहून देता म्हणल्या. मी म्हणले, माहा भाऊ हाय, दुसरं काय सांगू."

अण्णांना आम्ही ऑपरेशनच्या तीन दिवस आधी सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते दार लावून माझ्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माहा सत्कार झालेला हाय. गावात तोंड कसं दाखवू? तू असं कर, बापानंच दिली म्हण. तुला किडनी भेटल्याशी मतलब. न्हाई तर मला तिच्या सासूशी बोलावं लागंल."

मी हो म्हणालो.

ते इथे लिहायलाच पाहिजे, नाहीतर बाकी सगळं लिहिण्याला अर्थ नाही. ऑपरेशन मोडेल या भीतीनं मी माझ्या बहिणीचं देणं त्यांच्या नावावर करून टाकलं. ताई तेव्हा सासरी होती, तिला फोनवर सांगितलं. ती "म्हणू दे त्यायला" म्हणाली आणि फोन ठेवला.

सहावा मजला

ऑपरेशननंतर मोठ्या दवाखान्याच्या सहाव्या मजल्यावर शुद्ध आली तेव्हा सिस्टरनं पिशवी दाखवली. लघवी पिवळी, स्वच्छ, भरत चाललेली. किती महिन्यांनी. मी तिला म्हणालो, पाणी पिऊ? ती म्हणाली, प्या की, हवं तेवढं. मी ग्लास हातात घेतला आणि प्यायचं धाडसच होईना. दोन घोट घेतले आणि रडत बसलो.

चौथ्या दिवशी काचेपलीकडे ताई दिसली. कुशीवर हात ठेवून, भिंतीला धरून चालत होती. मला पाहून तिनं मान हलवली, जेवलास का, एवढंच. तिच्या जागी गावाला अण्णा दिसणार होते.

मग महिने गेले. गोळ्या सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला, पाच मिनिटंही इकडेतिकडे नाही. शरीरानं ती किडनी परकी म्हणून ढकलू नये यासाठी. खोकला आला तरी घाम फुटायचा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, त्याच्या रिपोर्टच्या आदल्या दिवशी मी कोणाशी नीट बोलायचो नाही.

पाहायला आलेली माणसं

तीन महिन्यांनी गावी आलो. लोक पाहायला येणार, बिस्किटाचे पुडे घेऊन, आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. मी आतल्या खोलीच्या दारापाशी, संसर्ग नको म्हणून मास्क लावून बसायचो, लोक ओसरीवर अण्णांपुढे. खिडकीतून मला दिसायचं, फाटकाचा आवाज आला की अण्णा कमरेवर हात ठेवायचे आणि जरा वाकून चालायचे. माणसं गेली की सरळ.

पहिल्या वेळी मला हसू आलं. चौथ्या-पाचव्या वेळी नव्या किडनीच्याच बाजूला दुखायला लागलं. मी रिपोर्ट काढून पाहिला, सगळं ठीक होतं. ते आजाराचं दुखणं नव्हतं.

त्या दिवशी आठ-दहा जण होते. शेजारची म्हातारी गयाबाई अण्णांना म्हणाली, "जखम भरली का हो अण्णा?"

"भरती हाय," अण्णा म्हणाले. "थंडीत जरा तकलीफ देती. पन लेकरासाठी काय—"

"किडनी ताईची हाय."

आवाज माझाच होता, पण मास्कमधून इतका बारीक आला की मला वाटलं कोणी ऐकलंच नाही. मी मास्क खाली ओढला, जे करायला सक्त मनाई आहे, आणि पुन्हा म्हणालो, "सुनीताताईची किडनी हाय. अण्णांनी दिली न्हाई."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेनं पाहिलं, आणि लोकांकडे वळून हसले. "गोळ्या लई कडक हायत. डोक्यावर चढत्या. अधूनमधून बडबडतो."

लोकांनी माना डोलावल्या. गयाबाई च् च् करून माझ्याकडे पाहायला लागली. मला माहीत होतं की मी खरं बोललोय, तरी एका क्षणाला वाटलं, गोळ्यांमुळे असेल का? इतक्या वर्षांची सवय होती ती, त्यांनी म्हटलं की माझं खरं मलाच खोटं वाटायचं.

माय चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिनं तो खाली ठेवला. अण्णांसमोर लोकांत बोलताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "बडबडत न्हाई तो. पोरीचीच हाय. ह्यायला तर टाकासुद्धा पडला न्हाई." आणि कप पुढे करून म्हणाली, "घ्या, गार व्हायला लागला."

लोकांनी चहा घेतला. दुसरं करणार तरी काय.

आता

अण्णा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. पूर्वी अशा अबोल्यात मी तिसऱ्या दिवशी पाया पडायचो. या वेळी नाही पडलो, पण सोपं गेलं असं समजू नका. रोज वाटायचं, आज त्यांना काही झालं तर दोष माझ्यावर येईल. चपलांचा आवाज आला की अजूनही माझी पाठ ताठ होते. समुपदेशक बाईंशी महिन्यातून एकदा फोनवर बोलतो. त्यांच्या सांगण्यावरून अण्णांशी बोलायच्या वेळा ठरवल्या, ताटात काय वाढायचं हे रेखा ठरवते, आणि माझे रिपोर्ट त्यांना दाखवत नाही. एवढाच माझा कागद. तुमचा वेगळा असेल.

हल्ली ते पुन्हा बोलायला लागलेत. एका लग्नात माईकवर म्हणाले, "माह्या पोरीनं भावाला किडनी दिली. हे संस्कार कोनाचे?" टाळ्या पडल्या. मी घरी आलो आणि गोळी वेळेवर घेतली.

परवा ताईचा फोन आला. नाक्यावर किराणा दुकानात कोणी अनोळखी बाई तिला म्हणाली होती, "तूच ना ती, भावाला किडनी देलेली?"

"मग?" मी विचारलं.

"मी व्हय म्हणले. अन् तिथंच रडाया लागले, दुकानात. ती बाई घाबरली."

मी दुकानातली चालू मोटार बंद केली.

"ऑपरेशनला रडले न्हाई मी," ताई म्हणाली. "मला वाटलं होतं, कोनी नाव घेतलं न घेतलं, मला काही वाटत न्हाई. पन वाटत होतं रे, बाबू."